दाबाची पारख : जुन्नरी कागदापासून फायबरच्या पत्र्यापर्यंत

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यासमोर मांडावयाचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. हाताने थरावर थर बसवून ज्या वस्तू तयार होतात, त्यांच्या गुणवत्तेवर दाबाचा काय परिणाम होतो, असा हा विषय आहे. परंतु आपल्या गावांतील सार्वजनिक वस्तूंकडे एकदा नजर टाकली, तर त्याचे महत्त्व सहज ध्यानी येईल. शौचालयाचे दार, पाण्याची टाकी, बालवाडीच्या अंगणातील घसरगुंडी, गोबर गॅसच्या संयंत्रावरील टोपण, जलाशयातील लहान होडी या वस्तू आता पुष्कळ ठिकाणी ‘फायबर’च्या असतात. त्यांतील अनेक वस्तू मोठ्या कारखान्यात यंत्रावर तयार होत नाहीत. एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, साच्यावर काचतंतूंची मॅट अंथरून, वर रेझिन ओतून आणि हातातील रोलर फिरवून चार-सहा कारागीर त्या घडवितात.

अशी एखादी वस्तू वीस वर्षे टिकते, तर दुसरी दोन पावसाळ्यांतच तडकते. गावात उतरवून घेतली जाते त्या दिवशी मात्र दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. हा फरक पडण्याची कारणे अनेक आहेत. पण त्यांतले एक प्रमुख कारण, आणि ज्याच्याकडे खरेदी करणाऱ्याचे सर्वांत कमी लक्ष जाते असे कारण, म्हणजे थर ओले असताना त्यांच्यावर पडलेला दाब. तो पुरेसा होता काय, सगळीकडे सारखा होता काय आणि योग्य वेळी दिला गेला काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर वस्तूचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे हा विषय सूत्रांच्या वाटेने न मांडता, आपल्या परिसरातील एका जुन्या उद्योगाच्या वाटेने मांडणे मला अधिक सोयीचे वाटते.

जुन्नरी कागदाचा धडा

नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील जुन्नर हे प्राचीन नगर आहे, हे आपणांस सांगावयास नको. याच जुन्नरात हातकागदाचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. कागदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या कुटुंबांनी तो सांभाळला. दौलताबादी कागदाप्रमाणेच ‘जुन्नरी कागद’ हे नावही मराठी दप्तरांच्या संदर्भात परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा कागद स्वस्त झाला. पुण्याजवळ मुंढव्यास १८८५ मध्ये डेक्कन पेपर मिल्स ही कंपनी उभी राहिली, आणि हातकागदाची बाजारपेठ आटत गेली. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि महात्मा गांधींच्या प्रेरणेने हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले. त्या कार्यातील के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली व तिचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. भारतीय संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीसाठी लागलेला कागद पुण्यातच हाताने तयार झाला, ही गोष्ट आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी आहे.

आता कागद तयार होतो कसा, ते पाहू. ताग, गोणपाट, जुने दोर, चिंध्या किंवा रद्दी भिजवून व कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदातील पाण्यात कालवतात. जाळीचा साचा त्यात बुडवून अलगद वर उचलला, की पाणी निथळते आणि जाळीवर तंतूंचा एक पातळ थर राहतो. हा ओला ताव कापडावर उलटतात. एकावर एक तावांची अशी चळत झाली की तिच्यावर दाब देतात. पूर्वी फळ्या ठेवून वर जड दगड रचीत. पुढे स्क्रूचे दाबयंत्र आले व त्यानंतर हायड्रॉलिक दाबयंत्र आले. मग ताव वाळवायचे, खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचे.

या सगळ्या क्रमात दाबाची पायरी किती मोलाची आहे, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. दाबण्यापूर्वी ओल्या तावाच्या दहा भागांत जवळजवळ नऊ भाग पाणी असते. म्हणजे एक किलो तंतूमागे नऊ किलो पाणी. चांगल्या दाबानंतर पाण्याचे प्रमाण दहांत सुमारे सहा भागांपर्यंत उतरते, म्हणजे एक किलो तंतूमागे दीड किलो. नऊपैकी साडेसात किलो पाणी केवळ दाबाने निघून जाते. परंतु पाणी काढणे एवढेच दाबाचे कार्य नाही. दाबाने तंतू एकमेकांच्या इतके जवळ येतात की वाळताना त्यांच्यात रासायनिक बंध जुळतात. दाब न देता वाळविलेला ताव जाड, भुसभुशीत आणि दुबळा होतो. त्याच लगद्याचा दाबलेला ताव पातळ असतो, पण ओढला तरी सहजी फाटत नाही.

जाडी आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा जुन्नरी कागदाचा पहिला धडा होय. तो पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

कागदापासून सनमायकापर्यंत

तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ यांच्या संयोगातून दोघांपेक्षाही वेगळ्या गुणांची वस्तू तयार होते. ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. मातीच्या भिंतीत भुसा कालवितात तो याचसाठी. नुसती माती वाळली की भेगाळते. भुसा तिला धरून ठेवतो. फायबरच्या पत्र्यात भुशाची जागा काचतंतू घेतात आणि मातीची जागा रेझिन घेते. ताण सोसण्याचे काम काचेचे, आणि काचेला जागेवर बांधून ठेवण्याचे काम रेझिनचे.

कागद आणि फायबर यांच्यामधला दुवा आपल्या टेबलांवरच आहे. ज्याला आपण सरसकट ‘सनमायका’ म्हणतो, तो पत्रा म्हणजे मुख्यतः कागदच होय. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट हे कृत्रिम रेझिन सिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत कापड व कागद रेझिनमध्ये भिजवून थरांचे पत्रे करण्यास सुरुवात झाली. आजही अशा पत्र्यासाठी रेझिन प्यालेल्या कागदाचे थर एकावर एक ठेवून १२० अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेत दाबतात. दर चौरस सेंटीमीटरला किमान सुमारे ५० किलोग्रॅम एवढा हा दाब असतो. आठ फूट लांब व चार फूट रुंद पत्र्यावर हा भार सुमारे दीड हजार टन होतो. कागदाचा टेबलाचा टिकाऊ पृष्ठभाग होतो, तो रेझिन, उष्णता आणि हा प्रचंड दाब या तिहींच्या बळावर.

हाताने काम करणाऱ्या कारागिराजवळ अर्थातच दीड हजार टन नसतात. त्याच्याजवळ रोलर, ब्रश आणि स्वतःचे मनगट असते. म्हणूनच उपलब्ध दाब नीट वापरण्याचे कौशल्य हे त्याचे खरे भांडवल ठरते.

दाबाची तीन कामे

हातबांधणीत दाब तीन कामे करतो. पहिले काम हवा बाहेर काढण्याचे. मॅटवर रेझिन ओतले की तंतूंच्या सांदीत हवेचे बुडबुडे अडकतात. रोलर एका दिशेने, मध्यापासून कडेकडे, सावकाश फिरविला तर ते बाहेर पडतात. जे आत राहतात ते पत्र्यातील पोकळ्या होतात. १९७८ साली जड आणि राइट या अभ्यासकांनी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. पोकळ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांपर्यंत असताना, दर एक टक्का पोकळीमागे थरांमधील पकड साधारण सात टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. म्हणजे शंभर भागांत केवळ चार भाग पोकळी असली, तरी पकडीचा पाव हिस्सा गेला असे समजावे. शिवाय पोकळ्यांच्या वाटेने पाणी आत शिरते, आणि टाकी किंवा होडी यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष घातक ठरते.

दुसरे काम जादा रेझिन पिळून काढण्याचे. तिसरे काम थर एकमेकांना घट्ट भिडविण्याचे. थर भिडले नाहीत, तर वरवर एकसंध दिसणारा पत्रा आतून वहीच्या पानांसारखा सुटा राहतो आणि कधीतरी आघात होताच उलगडतो.

यावरून दाब जितका अधिक तितके चांगले, असा समज होईल. तसे नाही. अति तेथे माती, ही म्हण येथेही लागू पडते. ताव ओला असताना दाबयंत्र एकदम आवळले, तर पाणी निघून जाण्यास वाट मिळत नाही आणि तेच पाणी तंतूंना ढकलून ताव चेंदते. म्हणून जाणता कारागीर दाब हळूहळू वाढवितो. फायबरमध्येही फाजील दाबाने नको तेवढे रेझिन पिळले जाते, तंतू कोरडे राहतात आणि पत्र्यावर पांढुरके डाग दिसू लागतात. बांधणारा पदार्थच कमी पडला, तर काच कितीही असली तरी ती सुटीच. दाब असमान असला तर एक बाजू जाड, एक बाजू पातळ होते आणि पत्रा पिळवटतो.

वातावरणाचे वजन

मग लहान कार्यशाळेने चांगला व सर्वत्र सारखा दाब मिळवावा कसा? एक चौरस मीटरच्या पत्र्यावर फळी ठेवून ५० किलोच्या २० कांद्याच्या गोण्या रचल्या, तर एकूण भार एक टन होतो. पण दर चौरस सेंटीमीटरला तो केवळ १०० ग्रॅम पडतो. शिवाय फळी जरा वाकली की दाब सारखा राहत नाही, आणि वस्तू गोलाकार असेल तर फळीचा उपयोगच नाही.

येथे निसर्गच मदतीला येतो. आपल्या सर्वांच्या डोक्यावर हवेचे ओझे आहे. ओल्या थरांवर प्लास्टिकचा कागद पसरून, कडा हवाबंद करून आतील हवा पंपाने ओढून घेतली, तर बाहेरचे वातावरण त्या कागदावर सर्व बाजूंनी सारखा दाब देते. वस्तू सपाट असो वा वक्र, दाबात फरक पडत नाही. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटीमीटरला १.०३ किलोग्रॅम असतो. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथे तो सुमारे ०.९५ किलोग्रॅम भरतो. एका चौरस मीटरला हा भार साडेनऊ टन होतो, म्हणजे ५० किलोच्या १९० गोण्या! पंप संपूर्ण निर्वात करू शकत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी भार मिळतो; तरीही हाताच्या रोलरने तो कधीच साधणार नाही.

मात्र येथेही तारतम्य हवे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचा बाष्पशील द्रव असतो. हवा फारच ओढून घेतली तर तो उकळू लागतो आणि घालवावयाचे बुडबुडे नव्यानेच तयार होतात. विमानाच्या भागांसाठी म्हणूनच दाब याहून पुढे नेतात. बंद दाबभट्टीत सहा-सात वातावरणांइतका दाब देऊन बुडबुडे जवळजवळ दिसेनासे करतात. आपल्या देशात तयार झालेल्या ‘तेजस’ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे ४५ टक्के भाग अशा तंतुमिश्रित थरांचा आहे. खेड्यातील घसरगुंडीला दाबभट्टीची गरज नाही, परंतु दोन्हींच्या मागील तत्त्व एकच आहे.

वेळेचे भान

दाब योग्य असूनही वेळ चुकली तर सर्व श्रम फुकट जातात. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की त्याचा घट्ट होण्याचा प्रवास सुरू होतो. ते प्रवाही असेपर्यंतच हवा बाहेर पडू शकते. दह्यासारखे विरजल्यावर रोलर फिरविला, तर थर फाटतात आणि नव्या पोकळ्या पडतात. उन्हाळ्याच्या दुपारी ही मुदत फार लवकर संपते. त्या वेळी थोडेथोडे रेझिन कालविणे किंवा काम सकाळी उरकणे हाच मार्ग. पावसाळ्यात दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हवा दमट असते. ओलसर मॅटला रेझिन नीट धरत नाही. ताग, अंबाडी, घायपात यांसारखे तंतू वापरावयाचे असल्यास ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ते हवेतील ओल लवकर शोषतात.

येथे एका मानवी बाजूचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मजुरी नगावर असते. दिवसाला जितके नग, तितके पैसे. अशा वेळी रोलरचा एक हात कमी फिरविला, तर कोणाला दिसत नाही. कारागिरावरील दबाव वाढला, की थरांवरील दाब कमी होतो. पुरवठ्याची मुदत आर्थिक वर्षाच्या अखेरीस आठ दिवसांवर आणून ठेवणारे आपण अधिकारी व पदाधिकारीही या उणिवेत वाटेकरी असतो, हे विसरून चालणार नाही.

पंचायतीने काय पाहावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निविदेत आपण बहुधा एवढेच लिहितो, की पत्रा तीन मिलिमीटर जाड असावा. याचा परिणाम पाहा. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर नीट दाबून बसविले, तर काच १,३५० ग्रॅम होते. रेझिनसह पत्र्याचे वजन साडेचार किलो आणि जाडी तीन मिलिमीटरच्या किंचित वर भरते. यात वजनाने ३० टक्के काच असते. दुसऱ्या कार्यशाळेने तीच मॅट दोनच थर वापरली, रोलर घाईने फिरविला आणि जादा रेझिन तसेच राहू दिले, तर काच केवळ ९०० ग्रॅम पडते. पण पत्र्याचे वजन चार किलोच्या वर जाते आणि जाडी पुन्हा तीन मिलिमीटरच भरते! मोजपट्टी लावली तर दोन्ही पत्रे पास. हाताने वाकवून पाहिले तर दोन्ही ताठ. परंतु दुसऱ्यात ताण सोसणारी काच एक तृतीयांशाने कमी आहे आणि ठिसूळ रेझिन जास्त आहे. जो कारागीर नीट दाब देतो त्याला तीच जाडी गाठण्यासाठी अधिक मॅट लागते, म्हणून त्याचा दर चढा येतो. केवळ जाडीवर खरेदी करणारी पंचायत अशा रीतीने नकळत चांगल्या कामाला दंड आणि वाईट कामाला बक्षीस देत असते.

यावर उपाय अवघड नाही. निविदेत जाडीबरोबरच मॅटच्या थरांची संख्या आणि दर चौरस मीटरला काचेचे वजन लिहावे. त्याच मालाचा एक तुकडा, पुरवठादार व ग्रामसेवक यांच्या सह्यांनिशी, नमुना म्हणून ठेवून घ्यावा. शंका आल्यास तो अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. तेथे भट्टीत सुमारे ५६५ अंश सेल्सियसला रेझिन जाळतात; मागे उरते ती काच. तिचे वजन केले की सत्य बाहेर येते. हा प्रयोग गावात चुलीवर कोणीही करू नये, कारण जळत्या रेझिनचा धूर अपायकारक असतो.

प्रयोगशाळेशिवायही काही गोष्टी पाहता येतात. रंग न दिलेला पत्रा उजेडासमोर धरावा. बुडबुडे आणि कोरडे पांढरे डाग स्पष्ट दिसतात. रंग दिलेल्या पत्र्यावर नाण्याने जागोजागी टिचकी मारावी. आवाज सर्वत्र खणखणीत असला तर थर भिडलेले आहेत. मध्येच बद्द आवाज आला तर तेथे थर सुटले आहेत असा संशय घ्यावा. मागील, साच्याला न लागलेली बाजू अवश्य पाहावी, कारण पुढची बाजू साच्यामुळे नेहमीच गुळगुळीत असते. शक्य असल्यास खरेदीपूर्वी कार्यशाळेत जावे. तेथे रेझिन वजन करून घेतात की अंदाजाने ओततात, खेळती हवा आहे की नाही, हार्डनर आणि कोबाल्टचे द्रावण दूरदूर ठेवले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. ही दोन रसायने थेट एकमेकांत मिसळल्यास स्फोट होऊ शकतो.

डिंभे धरणाच्या जलाशयावर आदिवासी बांधव मासेमारी करतात. ज्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले, त्याच्या खोल पाण्यात एखादी फायबरची होडी उतरवावयाची असेल, तर तिच्या तळाचे थर भिडले आहेत की नाहीत, हा प्रश्न केवळ हिशेब तपासणीचा राहत नाही. तो माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

शेवटी शिक्षक मित्रांना एक विनंती. जुन्या वह्यांचा लगदा करून मुलांकडून सारख्याच मापाचे तीन ताव उचलून घ्यावे. पहिला दाब न देता वाळवावा. दुसरा दोन फळ्यांमध्ये ठेवून वर हळूहळू विटा चढवाव्या. तिसऱ्यावर विटा फक्त एका बाजूला ठेवाव्या. वाळल्यावर प्रत्येकाची जाडी मोजावी, पट्ट्या कापून त्यांना वजने टांगावी आणि कोणती पट्टी किती वजनाला तुटते ते फळ्यावर लिहावे. या प्रयोगाला खर्च नाही. भौतिकशास्त्रातील दाब, रसायनशास्त्रातील बंध आणि आपल्या जुन्नरचा इतिहास हे तिन्ही विषय एका तासात शिकविता येतील. यांतीलच एखादा विद्यार्थी उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडून, जिल्हा उद्योग केंद्राच्या मार्गदर्शनाने स्वतःची कार्यशाळा काढील. तेव्हा चांगले काम कशाला म्हणतात, हे त्याला आधीच ठाऊक असेल.

आणि त्याचे चांगले काम ओळखणारी, त्याला रास्त दर व पुरेशी मुदत देणारी पंचायतही त्याला भेटली पाहिजे. कारागिराचे कौशल्य आणि खरेदीदाराची पारख या दोन्ही बाजू जुळल्या, तरच लोकांच्या पैशातून आलेली वस्तू लोकांच्या उपयोगी पडते. ती पारख आपण सर्वांनी आपल्या पुढच्या निविदेपासूनच वापरावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.